महायुद्धापूर्वीचे स्लिम

पुणे, बेळगाव, देवळाली किंवा अहमदनगर येथील कॅम्पातून ज्यांची एके काळी नित्याची ये-जा होती, त्यांच्या मनात इंग्रजी अमदानीतल्या लष्करी साहेबाचे एक ठाशीव चित्र असे : गर्द झाडीतला प्रशस्त बंगला, तबेल्यात घोडे, संध्याकाळी क्लब, थंडीच्या दिवसांत शिकार, आणि विलायतेत कुठे तरी वडिलोपार्जित जमीनजुमला. हे चित्र सर्वस्वी काल्पनिक नव्हते. ब्रिटिश पायदळात आणि घोडदळात अधिकाऱ्याची सनद १८७१ सालापर्यंत रोख पैसे मोजून विकत घेता येत असे. ती चाल बंद झाल्यानंतरही गणवेश, मेसचे बिल आणि घोड्यांचा खर्च नुसत्या पगारात भागत नसल्यामुळे, घरची मिळकत पाठीशी नसलेल्या तरुणाला नामांकित रेजिमेंटची पायरी चढणे जवळजवळ अशक्यच असे. बाप कर्नल, आजा जनरल आणि शिक्षण सँडहर्स्टला, हा वरिष्ठ सेनाधिकाऱ्यांच्या वंशावळीचा सर्वसाधारण नमुना होता.

या नमुन्यात कोठेही न बसणारा, किंबहुना लोखंडी सामानाच्या एका मध्यम व्यापाऱ्याचा मुलगा म्हणून जन्मलेला आणि वयाच्या तेविसाव्या वर्षापर्यंत कारकुनी करणारा एक गृहस्थ पुढे फील्ड मार्शल झाला. विल्यम जोसेफ स्लिम हे त्यांचे नाव. ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर १९४४ साली इंफाळ-कोहिमा येथे जपानी सैन्य थोपविणारे आणि दुसऱ्या वर्षी मंडाले-रंगूनपर्यंत त्याचा पाठलाग करणारे चौदाव्या सेनेचे सेनापती म्हणून जग त्यांना ओळखते. त्या विजयांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु पहिले महायुद्ध संपल्यापासून दुसरे सुरू होईपर्यंतची जी वीस-एकवीस वर्षे त्यांनी पलटणीत, दप्तरात आणि शाळेच्या फळ्यापुढे काढली, ती वर्षे चरित्रवाचक बहुधा घाईघाईने उलटून पुढे जातात, आणि माझ्या मते स्लिम यांना समजून घेण्याची खरी जागा तीच आहे.

स्लिम यांचा जन्म ब्रिस्टल येथे ६ ऑगस्ट १८९१ रोजी झाला. पुढे कुटुंब बर्मिंगहॅमला गेले, आणि तेथील किंग एडवर्ड्‌स या जुन्या शाळेत त्यांचे शिक्षण झाले. सैन्यात जावे ही ओढ लहानपणापासूनची. पण वडिलांच्या व्यापाराला ओहोटी लागलेली, आणि थोरला मुलगा वैद्यकीच्या अभ्यासाला लागलेला, तेव्हा धाकट्याला सँडहर्स्टला किंवा विद्यापीठात पाठविण्याइतका पैसा घरात उरला नव्हता. शाळा संपल्यावर त्यांनी काही काळ बर्मिंगहॅमच्या एका गरीब वस्तीतील प्राथमिक शाळेत मास्तरकी केली, आणि नंतर लोखंडी नळ बनविणाऱ्या स्टुअर्ट्‌स अँड लॉइड्‌स या कंपनीत कारकुनाची जागा धरली. आपल्याकडे मध्यमवर्गीय घरांत याहून परिचित कथा दुसरी सापडणार नाही. परंतु भावी सेनापतीच्या दृष्टीने ती विलक्षण मोलाची ठरली, कारण ज्या मुलांना त्यांनी पाढे आणि अक्षरे शिकविली, त्यांच्याच भाऊबंदांतून ब्रिटिश पलटणींतले शिपाई भरती होत असत. उपाशी मुलाला धडा का कळत नाही, हे ज्याने वर्गात उभे राहून पाहिले आहे, त्याला शिपायाच्या पोटाचे आणि पायांतल्या बुटांचे महत्त्व व्याख्यानातून पटवून द्यावे लागत नाही.

विद्यापीठाचे विद्यार्थी नसतानाही १९१२ साली त्यांनी बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या अधिकारी-शिक्षण पथकात स्वतःची वर्णी लावून घेतली. १९१४ च्या उन्हाळी छावणीत ते लान्स कॉर्पोरल होते. कूच चालू असताना रस्त्याच्या कडेने कुणी तरी पुढे केलेला बिअरचा पेला त्यांनी रांग सोडून घेतला, आणि ती एक फीतही गेली. तोच युद्ध जाहीर झाले. २२ ऑगस्ट रोजी हा फीत गमावलेला शिपाई रॉयल वॉरिकशायर रेजिमेंटमध्ये तात्पुरत्या सनदेवर सेकंड लेफ्टनंट झाला. शांततेत जी दारे पैशांवाचून उघडली नसती, ती युद्धाने एका महिन्यात उघडली.

या महायुद्धातील त्यांच्या कामगिरीचा विस्तार येथे करावयाचा नाही. मात्र गॅलिपोलीची एक गोष्ट टाळता येत नाही. १९१५ च्या ऑगस्टमध्ये सारी बैरच्या डोंगररांगेवर जो हल्ला झाला, त्यात स्लिम यांच्या वॉरिकशायर पलटणीच्या शेजारी ६व्या गुरखा रायफल्सची पहिली पलटण लढत होती, आणि ९ तारखेच्या सकाळी जी थोडी माणसे माथ्यावर पोहोचली, त्यांत हे गुरखे आघाडीला होते. त्याच चढाईत स्लिम गोळी लागून गंभीर जखमी झाले. पण या लोकांबरोबर नोकरी करावी ही इच्छा त्यांनी तेथूनच मनाशी बांधून आणली. बरे झाल्यावर १९१६ साली त्यांनी वेस्ट इंडिया रेजिमेंटमध्ये कायम सनद मिळविली, आणि त्या निवडीमागचे कारण अगदी रोकडे होते : ज्या थोड्या रेजिमेंटांत अधिकाऱ्याला केवळ पगारावर राहता येत असे, त्यांपैकी ती एक होती. मेसोपोटेमियात ते पुन्हा लढले, पुन्हा जखमी झाले, मिलिटरी क्रॉस मिळाला, आणि तेथून हिंदुस्थानात आले. युद्ध संपले तेव्हा ते सिमल्याच्या लष्करी मुख्यालयात होते. १९१९ साली त्यांनी आपली बदली रीतसर हिंदी सेनेत करून घेतली.

हिंदी सेना ही ब्रिटिश सेनेची एक शाखा आहे असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः तिची सनद, तिचा पगार, तिची बढतीची यादी आणि तिचा सरसेनापती ही सर्व स्वतंत्र होती. तिच्यात पगार ब्रिटिश सेनेपेक्षा बरा, राहणीचा खर्च कमी, आणि जबाबदारी लहान वयात अंगावर पडणारी. त्यामुळे जे तरुण हुशार असून निर्धन होते, त्यांचा ओढा तिच्याकडे असे. सँडहर्स्टमधून वरच्या क्रमांकाने उत्तीर्ण होणारे कित्येक विद्यार्थी या एकाच कारणासाठी हिंदी सेना मागून घेत.

१९२० साली स्लिम ॲबटाबाद येथे ६व्या गुरखा रायफल्सच्या पहिल्या पलटणीत रुजू झाले. गॅलिपोलीच्या माथ्यावर गेलेली पलटण हीच. लवकरच त्यांच्याकडे ॲडज्युटंटचे काम आले, आणि त्या कामाचे स्वरूप थोडे जवळून पाहण्यासारखे आहे, कारण पलटणीचा गाडा प्रत्यक्षात तोच हाकत असतो. कमांडिंग अधिकाऱ्याचा प्रत्येक हुकूम त्याच्या सहीने निघतो. पहाटेची कवायत, पहारे, रजा, शिक्षा, दारूगोळ्याचा हिशेब, नव्याने आलेल्या तरुण साहेबांना वळण लावणे, हे सारे त्याच्या टेबलावरून जाते. शिवाय गुरखा पलटणीत गोऱ्या अधिकाऱ्यांची संख्या डझनभरच असल्यामुळे खरा कारभार सुभेदार-जमादारांच्या मार्फत चालत असे, आणि त्यांच्याशी दुभाष्यावाचून बोलता आले नाही तर ॲडज्युटंट नामधारी ठरे. स्लिम गुरखाली शिकले, उर्दूही शिकले. शिपायाशी त्याच्या बोलीत बोलावयाचे म्हणजे नुसते हुकूम पाठ करावयाचे नव्हेत : घरच्या शेताचा तंटा, रजेवर गेलेल्या भावाची खबर, सावकाराचे पत्र हे सर्व ऐकून घेऊन त्यावर दोन समंजस शब्द बोलता येणे, एवढी ती विद्या आहे, आणि ती पुस्तकावरून येत नाही. पुढे ब्रह्मदेशात जीपच्या बॉनेटवर उभे राहून ते एका दिवसात वेगवेगळ्या पलटणींपुढे त्यांच्या त्यांच्या भाषेत बोलत, त्या बोलण्याची तालीम ॲबटाबादच्या या दप्तरात झाली होती.

हा काळ लष्करी महत्त्वाकांक्षेला मुळीच अनुकूल नव्हता. निदान दहा वर्षे मोठे युद्ध उद्भवणार नाही असे गृहीत धरून अंदाजपत्रक आखावे, असा दंडक ब्रिटिश सरकारने १९१९ साली घालून घेतला आणि तो १९३२ पर्यंत चालविला. पलटणी मोडल्या, पैसा आटला, आणि महायुद्धात तात्पुरते मेजर-कर्नल झालेले शेकडो तरुण आपल्या मूळ कॅप्टनच्या हुद्द्यावर परत येऊन थबकले. स्लिम १९१८ च्या अखेरीस तात्पुरते मेजर होते. कायम मेजर होण्यासाठी त्यांना १९३३ साल उजाडेपर्यंत थांबावे लागले. मध्यंतरी १९३० साली त्यांना ब्रेव्हेट मेजर करण्यात आले. ब्रेव्हेट म्हणजे सेनेच्या सर्वसाधारण यादीत वरचा हुद्दा, पण पलटणीतली जागा जुनीच. हा मान वाटेल त्याला मिळत नसे. वरिष्ठांची नजर अमुक माणसावर आहे, एवढी खूण त्यातून यादी वाचणाऱ्या प्रत्येकाला पटत असे. पंधरा वर्षे एका पायरीवर उभे राहण्याची पाळी आली असता पुष्कळ कर्तबगार माणसे कडवट होतात किंवा क्लबात रमतात. स्लिम या काळात शिकत राहिले आणि शिकवीत राहिले, आणि मला त्यांच्याविषयी जो आदर वाटतो तो मंडालेच्या विजयाइतकाच या धीराबद्दल आहे.

१९२६ साली त्यांचा विवाह आयलीन रॉबर्टसन यांच्याशी झाला. हिंदुस्थानाकडे येणाऱ्या बोटीवर दोघांचा परिचय झाला होता. त्याच वर्षी ते क्वेट्टा येथील स्टाफ कॉलेजात दाखल झाले. या संस्थेचा आरंभ महाराष्ट्रातला आहे, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल : १९०५ साली नाशिकजवळ देवळालीला तिचे पहिले वर्ग भरले, आणि १९०७ साली ती क्वेट्ट्याच्या नव्या इमारतीत गेली. दोन वर्षांचा हा अभ्यासक्रम पुरा केल्यावाचून कोणाही अधिकाऱ्याला वरच्या हुद्द्यांची आशा धरता येत नसे. तेथे विद्यार्थ्याला एक नकाशा आणि एक प्रसंग देत. शत्रू कोठे आहे, रस्ते किती रुंद आहेत, पाणी कोठे मिळेल, दाणागोटा किती दिवस पुरेल, याचा विचार करून त्याने आपल्या हेतूपासून निष्कर्षापर्यंत क्रमवार निवेदन लिहावयाचे, आणि मग शिक्षक व सहाध्यायी मिळून त्याची चिरफाड करावयाची, अशी तेथील पद्धत. माणसाची कुवत या पद्धतीत लपत नाही. स्लिम यांची लपली नाही. तेथून ते उत्कृष्ट शेरा घेऊन बाहेर पडले, आणि १९२९ साली लष्करी मुख्यालयात त्यांची नेमणूक झाली.

मुख्यालय हिवाळ्यात दिल्लीला आणि उन्हाळ्यात सिमल्याला असे. सुमारे चार वर्षे स्लिम तेथे मिसली वाचीत, टिपणे लिहीत आणि शेरे मारीत बसले. दप्तराच्या कामाला लष्करात प्रतिष्ठा नसते. तथापि सैन्य पोटावर चालते हे सुभाषित सर्वांना पाठ असले तरी ते पोट भरण्यासाठी आगगाडीचे डबे कोण मागतो, खेचरांची संख्या कोण ठरवितो आणि खर्चाची मंजुरी कोण मिळवितो, हे तेथे बसल्यावाचून कळत नाही. ज्या सेनापतीने पुढे रस्ते, विमानांतून टाकावयाचे धान्य आणि हिवतापाच्या गोळ्या यांना तोफांच्या बरोबरीचे महत्त्व दिले, त्याची ती चार वर्षे फुकट गेली असे म्हणता येणार नाही.

याच सुमारास त्यांच्या रात्री एका दुसऱ्याच उद्योगात जाऊ लागल्या. घरात दोन मुले, विलायतेतल्या शिक्षणाचा खर्च पुढे दिसत असलेला, आणि पगार कॅप्टन-मेजरचा, तेव्हा स्लिम यांनी लेखणी हाती घेतली. ‘अँथनी मिल्स’ हे टोपणनाव त्यांनी आपल्याच आडनावाची रोमन अक्षरे उलटी लिहून बनविले, आणि त्या नावाने इंग्रजी नियतकालिकांतून गोष्टी लिहिण्यास सुरुवात केली. एडिंबरोचे जुने ब्लॅकवुड्‌स मासिक हे त्यांपैकी एक. मासिकाच्या वाचकाला मेजरसाहेबांच्या हुद्द्याशी काही कर्तव्य नसते. पहिल्या परिच्छेदात त्याचे मन धरले नाही तर तो पान उलटतो. या शिस्तीत घोटलेली लेखणी पुढे त्यांच्या फार उपयोगी पडली. १९५६ साली त्यांनी लिहिलेला ब्रह्मदेशच्या मोहिमेचा इतिहास सेनापतींच्या आत्मकथनांत अग्रगण्य मानला जातो, आणि १९५९ च्या ‘अनऑफिशियल हिस्टरी’ या संग्रहात त्यांनी आपल्या तरुणपणीचे, बहुधा फजितीचे, प्रसंग सांगितले आहेत. दोन्ही ग्रंथांतले गद्य स्वच्छ, बोलके आणि आढ्यतेपासून मुक्त आहे.

१९३४ साली त्यांची नेमणूक इंग्लंडमध्ये कँबर्ली येथील स्टाफ कॉलेजात शिक्षक म्हणून झाली. तेथे हिंदी सेनेचा प्रतिनिधी म्हणून एक शिक्षक असे, ती ही जागा. काळाचा योग असा, की त्याच वर्षी बर्नार्ड माँटगोमेरी हे पुण्यातील आपल्या पलटणीतून निघून क्वेट्ट्याच्या कॉलेजात मुख्य शिक्षक म्हणून गेले होते. माँटगोमेरींची पलटण रॉयल वॉरिकशायर रेजिमेंटचीच, म्हणजे स्लिम यांनी जेथून आरंभ केला त्याच रेजिमेंटची. पुढल्या महायुद्धातील दोन अग्रगण्य सेनापती असे एकाच वेळी, एक इंग्लंडात आणि दुसरा बलुचिस्तानात, मेजर-कॅप्टनांच्या वर्गापुढे खडू घेऊन उभे होते. दोघांच्या स्वभावांत जमीन-अस्मानाचे अंतर. परंतु किचकट गोष्ट साध्या वाक्यांत मांडण्याचे सामर्थ्य दोघांतही होते, आणि ते दोघांनीही शिकवूनच वाढविले. १९३५ साली स्लिम ब्रेव्हेट लेफ्टनंट कर्नल झाले.

येथे एका हिंदी वाचकाच्या मनात जो प्रश्न उठल्यावाचून राहणार नाही, तो बाजूला सारून पुढे जाणे मला योग्य वाटत नाही. ज्या सेनेने एका निर्धन कारकुनाला त्याच्या गुणांवर वर चढू दिले, तीच सेना याच वर्षांत या देशातील तरुणांना कोणत्या मापाने मोजीत होती? सँडहर्स्टची दारे हिंदी विद्यार्थ्यांना पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस किलकिली झाली खरी, पण वर्षाला जेमतेम दहा जागांपुरती. आणि १९२३ साली असा नियम झाला की या हिंदी अधिकाऱ्यांनी ठरावीक आठ पलटणी व रिसाले यांतच नोकरी करावी. कोणाही गोऱ्या अधिकाऱ्याला हिंदी माणसाच्या हाताखाली राहण्याची पाळी येऊ नये, हा त्यातला उघड हेतू. कोल्हापूरच्या मातीतले शंकरराव थोरात १९२६ साली सँडहर्स्टहून सनद घेऊन आले, तेव्हा त्यांनाही १४व्या पंजाब रेजिमेंटच्या अशाच एका पलटणीत जावे लागले. स्लिम ज्या गुरखा पलटणीत वाढले, तिच्यात तर हिंदी अधिकाऱ्याला इंग्रजी राज्य असेपर्यंत मज्जावच होता. डेहराडूनची अकादमी १९३२ साली निघाली आणि गोष्टी हळूहळू पालटल्या. स्लिम यांचे कर्तृत्व यामुळे उणे होत नाही. परंतु गुणाची कदर करणाऱ्या या व्यवस्थेला रंगाची वेस होती, हे सांगितल्यावाचून त्यांची गोष्ट पुरी होत नाही.

१९३७ साली लंडनच्या इंपीरियल डिफेन्स कॉलेजात त्यांची निवड झाली. तिन्ही दलांतले निवडक अधिकारी, मुलकी खात्यातले अंमलदार आणि वसाहतींतले प्रतिनिधी यांना एकत्र बसवून साम्राज्याच्या संरक्षणाचा समग्र विचार करावयास लावणारी ही संस्था १९२७ साली उघडली होती, आणि तेथे जाणाऱ्याचे नाव भावी जनरलांच्या यादीत घातले जाई. असे असूनही १९३८ साली हिंदुस्थानात परतल्यावर स्लिम यांच्या हाती जी पहिली स्वतंत्र पलटण आली, ती वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी : शिलाँग येथील ७व्या गुरखा रायफल्सची दुसरी पलटण. पलटणीचे आधिपत्य ही शांततेच्या काळात बहुतेक अधिकाऱ्यांची शेवटची मजल असे. तेथून कर्नलसाहेब निवृत्त होऊन विलायतेत बागकाम करू लागत.

स्लिम यांच्या वाट्याला मात्र बेळगाव आले. १९३९ साली ब्रिगेडियरचा हुद्दा देऊन त्यांना तेथील सीनियर ऑफिसर्स स्कूलचे प्रमुख करण्यात आले. बेळगावचा कॅम्प मराठी माणसाला वेगळा सांगावा लागत नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचे शिक्षणकेंद्र १९२२ पासून तेथेच होते. सीनियर ऑफिसर्स स्कूलमध्ये येणारे विद्यार्थी लवकरच स्वतंत्र पलटण हाती घेणारे प्रौढ मेजर, आणि त्यांना शिकविणारा माणूस वर्षापूर्वीच स्वतः पहिल्यांदा पलटण हाती घेतलेला. बर्मिंगहॅमच्या शाळामास्तराला पुन्हा वर्ग मिळाला. पण तो काही महिनेच टिकला. सप्टेंबरात युरोपात युद्ध पेटले, आणि स्लिम यांची नेमणूक १०व्या हिंदी ब्रिगेडवर झाली. ते झाशीला गेले. वय अठ्ठेचाळीस, पहिल्या महायुद्धात तुकडी लढविल्याला बावीस वर्षे उलटून गेलेली.

पुढल्या वर्षी ही ब्रिगेड सुदानला उतरली, आणि नोव्हेंबर १९४० मध्ये गल्लाबातचा किल्ला जिंकूनही इटालियन विमानांच्या माऱ्यामुळे तिला तो सोडून मागे यावे लागले. हल्ला पुढे रेटावा की आवरावा, असा प्रश्न त्या वेळी स्लिम यांच्यापुढे होता. साहसाचा मार्ग मोकळा असताना आपण भीतीचे ऐकले आणि ती चूक सर्वस्वी आपली होती, असे त्यांनी पुढे आपल्या नावाने छापलेल्या पुस्तकात, कोणाही हाताखालच्या अधिकाऱ्यावर दोष न ढकलता, लिहून ठेवले आहे.